इतिहास विभागाच्या दाराशी : वाचकांचे प्रश्न

विद्यापीठांच्या इतिहास विभागांत होणारी व्याख्याने, चर्चासत्रे आणि मोडीच्या कार्यशाळा यांविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. इतिहासाची आवड जुनीच. विद्यापीठाच्या इतिहास विभागात व्याख्याने होतात असे ऐकतो, पण ती विद्यार्थ्यांपुरती असतील असे वाटून कधी पाऊल टाकले नाही. बाहेरच्या माणसाने गेलेले चालते का? (सातारा)

बहुतेक ठिकाणी चालते, आणि तुम्ही जरूर जा. मात्र विभागातले सगळे कार्यक्रम एका जातीचे नसतात, एवढे ध्यानात ठेवा. कुणाच्या तरी स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमाला सर्वांसाठी खुल्या असतात. त्यांचा खर्च बहुधा विद्यापीठाकडे ठेवलेल्या देणगीच्या व्याजातून निघतो. ही परंपरा आपल्याकडे बरीच जुनी आहे. मुंबई विद्यापीठात जॉन विल्सन यांच्या नावाने सुरू झालेली भाषाशास्त्रावरची व्याख्याने रा. गो. भांडारकरांनी १८७७ साली दिली होती. चर्चासत्राला नोंदणी आणि शुल्क असते. तरी उद्घाटनाचे सत्र आणि बीजभाषण ऐकायला सहसा कुणी अडवत नाही. जेवण आणि प्रमाणपत्र तेवढे नोंदणी केलेल्यांसाठी. संशोधक विद्यार्थी आपले अर्धवट लिहिलेले प्रकरण वाचून दाखवतात ती विभागातली बैठक मात्र घरगुती असते. तिथे आधी विभागप्रमुखांना विचारून जावे.

एक प्रकार फारसा कुणाला ठाऊक नसतो, तो म्हणजे पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांप्रमाणे ती विभागातले शिक्षक, इतर संशोधक आणि विद्यार्थी यांना खुली असते; बाहेरच्याने आधी विभागात विचारून जावे. चार-पाच वर्षांचे काम तासा-दीड तासात ऐकायला मिळते, आणि परीक्षकांचे प्रश्नही. एखाद्या विषयात खोल शिरायचे असेल, तर मोठ्या सभागृहातल्या दहा भाषणांपेक्षा अशी एक मौखिकी अधिक देऊन जाते.

संकेतस्थळावर सूचना पुष्कळदा कार्यक्रम होऊन गेल्यावर झळकते. त्यापेक्षा एकदा विभागाच्या कार्यालयात जाऊन व्हॉट्सअॅप गटात नंबर घालून घ्या. परीक्षांच्या दिवसांत सामसूम असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र कार्यक्रमांची दाटी होते, कारण अनुदान ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचे असते.

प्रश्न : पानिपतावरच्या व्याख्यानात पडद्यावर दाखवलेल्या पत्राच्या लिप्यंतरात ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे साल होते. वक्ते मात्र १७६१ म्हणत होते. हे कसे काढतात? (ठाणे) शिवराज्याभिषेकाची तारीख एक वक्ते ६ जून सांगतात, दुसरे १६ जून. चूक कुणाची? (डोंबिवली)

आधी ठाण्याचा प्रश्न. हा शुहूर सन. मराठी दप्तरात तो अरबी संख्याशब्दांत लिहीत, आणि एककापासून वर चढत. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००; बेरीज ११६१. आता इसवी सन. सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, म्हणजे मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला, शुहूर सन बदलतो. म्हणून मृगापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे आणि १ जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारीची, म्हणून ११६१ अधिक ६०० बरोबर १७६१. शकाचे गणितही असेच दोन तुकड्यांत चालते. चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. लढाईची तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. त्यात ७९ मिळवा, पुन्हा १७६१.

घोटाळा होतो तो ५९९ आणि ६०० यांच्यात. याच ‘इहिदे सितैन’ सालातले जुलै महिन्याचे पत्र १७६० चे असते. सरसकट ६०० मिळवले की ते जुलै १७६१ चे ठरते, आणि जानेवारीत रणात पडलेले सदाशिवरावभाऊ सहा महिन्यांनी पत्र लिहिताना दिसतात. मोठ्या घटनांच्या बाबतीत अशी चूक लगेच पकडली जाते. गावच्या वतनाच्या तंट्यात ती तशीच राहते आणि पुढे त्यावर निबंध उभे राहतात.

तारखेआधी ‘छ’ दिसले तर ते चंद्र. ‘छ ५ रजब’ म्हणजे रजब महिन्याचा पाचवा चंद्र. हा महिना हिजरी पंचांगाचा, पण शेजारचे साल शुहूर. हे मिश्रण आहे हे माहीत नसले की ते साल हिजरी समजून माणूस भलतीकडे जातो. शिवाय चंद्रदर्शन आगेमागे झाले तर एका दिवसाचा फरक पडतो. तेवढ्यासाठी वक्त्याला धारेवर धरू नये.

आता डोंबिवलीचा प्रश्न. दोन्ही तारखा बरोबर आहेत. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ या तिथीला झाला. इंग्रज त्या काळी जुने, ज्युलियन पंचांग वापरत. त्याप्रमाणे ६ जून १६७४. आज जगभर चालणाऱ्या ग्रेगोरियन पंचांगाप्रमाणे १६ जून. सतराव्या शतकात या दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. पोर्तुगालने नवे पंचांग १५८२ मध्येच घेतले आणि इंग्लंडने १७५२ मध्ये (२ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर). त्यामुळे शिवकाळात एकाच दिवशी गोव्यात लिहिलेल्या पोर्तुगीज पत्रावर आणि मुंबईतल्या इंग्रजी पत्रावर दहा दिवसांच्या फरकाने तारीख पडते. त्यात इंग्रजांचे कायदेशीर वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. म्हणून १२ फेब्रुवारी १६७३ असे लिहिलेले त्यांचे पत्र आपल्या हिशेबाने १६७४ चे असू शकते. छापील ग्रंथांत १६७३-७४ असे जोडसाल दिसते ते यासाठीच. व्याख्यानात शंका आली तर सरळ विचारा, ‘ही तारीख जुन्या पद्धतीची की नव्या?’ जाणकार वक्त्याला हा प्रश्न आवडतो.

प्रश्न : आमचे महाविद्यालय विद्यापीठाच्या इतिहास विभागाच्या सहकार्याने मोडी कागदपत्रांवर व्याख्यान आणि कार्यशाळा घेणार आहे. मागच्या वर्षी अकराचा कार्यक्रम साडेअकराला सुरू झाला. वक्त्यांना वीस मिनिटे मिळाली आणि मुले पेंगली. नीट आखणी कशी करावी? (अहिल्यानगर)

वक्त्याचा वेळ कुठे गेला हे कार्यक्रमपत्रिकेवरच कळते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, प्राचार्यांचे मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार अशा आठ बाबी. प्रत्येकीला सहा-सात मिनिटे धरली तरी पाऊण-एक तास गेला. शिवाय यातल्या बहुतेक बाबी व्याख्यानाच्या आधी येतात, म्हणजे ऐकणाऱ्यांचा ताजेपणा त्यांनाच वाहिला जातो. यावर उपाय कठोरच करावा लागतो. सत्कार एकच, पाहुण्यांचा. परिचय तीन मिनिटांचा, आणि त्यात पदांची यादी न देता वक्त्याने कोणत्या कागदांवर काम केले ते सांगावे. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांनंतर पाच मिनिटे बोलावे. मग पंचेचाळीस मिनिटे व्याख्यान आणि पूर्ण अर्धा तास प्रश्न यांना जागा उरते. प्रश्नांचा अर्धा तास कुणासाठीही कापू नका. मंत्री आले तरी नाही.

तयारी सहा आठवडे आधी धरा. वक्त्यांना फोन करून ठरले तरी पत्र लिहाच. तारीख, वेळ, भाषणाची मिनिटे, श्रोते कोण (दुसऱ्या वर्षाची मुले की गावातले जाणते), प्रवासखर्च, मानधन, मुक्कामाची सोय आणि ध्वनिचित्रमुद्रणाला संमती आहे का, हे सारे त्यात हवे. संमती तोंडी घेऊन भाषण यूट्यूबवर टाकले की पुढे कुरबूर होते. अप्रकाशित कागद दाखवलेला असला तर विशेषच. विषय ठरवताना ‘मराठ्यांचा इतिहास : एक दृष्टिक्षेप’ अशी शीर्षके टाळा. ‘पेशवाईतले एक निवाडापत्र कसे वाचावे’ म्हटले की वक्त्याचे बोलणे आपोआप जमिनीवर येते आणि मुलांनाही काय हाती लागणार ते कळते.

दहा दिवस आधी वक्त्यांकडून स्लाइड्स मागवा आणि आपल्याच संगणकावर उघडून पाहा. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेले दुसऱ्या यंत्रावर उघडले की ‘शिवाजी’च्या जागी निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे उमटतात. त्यामुळे पीडीएफ प्रत नेहमी जवळ ठेवावी. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए लागते आणि नव्या लॅपटॉपला ते भोक नसते. तो जोड आदल्या दिवशी लावून बघा. पडद्याजवळचे दिवे वेगळ्या बटणावर आहेत का, तेही पाहा. मोडी पत्राचा अख्खा फोटो पडद्यावर टाकला तर तिसऱ्या रांगेपलीकडे नुसत्या काळ्या लाटा दिसतात. एका वेळी तीन-चार ओळी मोठ्या करून दाखवायला सांगा, आणि त्याच पत्राच्या ए-३ आकाराच्या छापील प्रती दोघांत एक याप्रमाणे वाटा. हातात कागद असला की माणूस पेंगत नाही, बोट ठेवून शोधत बसतो.

कार्यशाळेत एका शिक्षकामागे पंचवीस-तीसपेक्षा जास्त माणसे घेऊ नका. एका दिवसात मोडी येत नाही, अक्षरओळख होते. वाचता येण्यासाठी पुढे तीन-चार महिने रोज तासभर सराव लागतो, आणि हे जाहिरातीतच लिहावे. सकाळी अक्षरे गिरवायला बोरू किंवा कापलेल्या निबचे पेन द्या. बॉलपेनने मोडीचे वळण कळत नाही. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे लोंबवत न्यायची, हा क्रम हाताला बसला की शब्दांमध्ये जागा का सुटत नाही ते समजते. अडचण नेमकी तिथेच येते. शब्द कुठे तुटतो ते डोळ्यांना दिसत नाही, आणि वेलांटी-उकारात ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो. म्हणून ओळ मोठ्याने वाचायला लावा. कान शब्द तोडतो. दुपारी मु॥ म्हणजे मुक्काम, प॥ म्हणजे परगणा अशा संक्षेपांचा तक्ता द्या आणि सोपे, ठरावीक मायन्याचे एकच पत्र पूर्ण वाचून घ्या. एका दिवसात पाच पत्रे हाती घेतली की पाचही अर्धवट राहतात.

श्रोत्यांसाठी वेगळा माइक ठेवा. नाहीतर अध्यक्षांनी प्रत्येक प्रश्न पुन्हा मोठ्याने सांगावा, म्हणजे मुद्रणात नुसती उत्तरे उरत नाहीत. कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत एक पान टिपण लिहून विभागात ठेवा : कोण, कशावर, कोणता कागद दाखवला, काय प्रश्न आले. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली पुण्यात निघाले. पुढे त्याची वार्षिक इतिवृत्ते छापली गेली, म्हणून त्या काळी सभांत कुणी काय वाचले ते आज शंभर वर्षांनी आपल्याला कळते. आपल्याकडच्या चांगल्या व्याख्यानांचे मागे काय उरते, तर हार घालतानाचा फोटो. याचे वाईट वाटते.

प्रश्न : व्याख्यानानंतर प्रश्न विचारला की वक्ते टाळतात किंवा सूत्रसंचालक ‘वेळ संपली’ म्हणतात. प्रश्न कसा विचारावा? (जळगाव)

आधी लिहून काढा आणि तीस सेकंदांत संपवा. ‘तुम्ही दाखवलेल्या पत्रावर शिक्का नव्हता, मग ते अस्सल की नक्कल, हे कशावरून ठरवले?’ अशा प्रश्नाला टाळता येत नाही. आपली माहिती सांगून शेवटी ‘यावर आपले मत काय?’ म्हटले की तो प्रश्न राहत नाही, छोटे भाषण होते. वेळ खरोखरच संपली असेल, तर प्रश्न चिठ्ठीवर फोन नंबरासह वक्त्यांना द्या. पुष्कळ अभ्यासक आवर्जून उत्तर कळवतात.

प्रश्न : मी एम.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. ‘मराठवाड्यातील शिक्षणाचा इतिहास’ या विषयावरचा सारांश दोन चर्चासत्रांतून परत आला. कारण कुणी सांगत नाही. (नांदेड)

कारण शीर्षकातच आहे. त्यात विषय आहे, प्रश्न नाही. शिवाय पंधरा मिनिटांत कोणत्या शतकाचा, कोणत्या शाळांचा इतिहास सांगणार, ते परीक्षकाला दिसत नाही. प्रश्न आधी शोधा. उदाहरणार्थ : १९४८ पूर्वी तुमच्या तालुक्यात शाळेचे माध्यम उर्दू असताना मराठी मुले प्राथमिक शिक्षण कुठे घेत होती? आता यासाठी कागद कोणते ते पाहा. नांदेड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राजवटीचे मुख्य दप्तर हैदराबादेत आहे आणि विसाव्या शतकातले बरेचसे उर्दूत. तुम्हाला उर्दू येत नसेल, तर त्या कागदांच्या भरवशावर सारांश लिहू नका. त्याऐवजी जुन्या शाळांची हजेरीपुस्तके, खासगी शिक्षणसंस्थांचे मराठी अहवाल आणि त्या काळी शिकलेल्यांच्या मुलाखती यांवर निबंध उभा राहतो का, ते तपासा. जिथवर जाता येते आणि जे वाचता येते, त्या मापाचा प्रश्न घ्यावा. पहिल्या निबंधाला तेवढे पुरे.

सारांश अडीचशे-तीनशे शब्दांचा. पहिल्या दोन वाक्यांत प्रश्न, पुढच्या दोन-तीन वाक्यांत आधीच्या अभ्यासकांनी काय म्हटले आहे ते, मग नेमकी साधने (संस्थेचे नाव, कोणत्या वर्षांचे अहवाल, मुलाखती किती) आणि उरलेल्या जागेत हाती आलेला निष्कर्ष. बहुतेक सारांशांत ‘प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, संशोधनपद्धती’ ही मथळ्यांची चौकट भरलेली असते आणि निष्कर्षाच्या जागी ‘यावर प्रकाश टाकण्यात येईल’ असे वाक्य. काय सापडले ते लिहिलेच नाही तर निवडणार कशावरून? आणि पहिले वाक्य ‘इतिहास हा समाजाचा आरसा असतो’ असे असेल तर ते खोडा.

निवड झाल्यावर वाचनाची तयारी. सावकाश वाचले तर मिनिटाला शंभरेक मराठी शब्द होतात. पंधरा मिनिटे असतील तर चौदाशे शब्दांवर थांबा. पाच हजार शब्दांचा निबंध नेऊन ‘वेळेअभावी पाने सोडतो’ म्हटले की नेमका पुरावाच सुटतो. मोठ्या व्यासपीठावर जायचे असेल तर इंडियन हिस्टरी काँग्रेसकडे पाहा. तिचे पहिले अधिवेशन १९३५ साली पुण्यातच भरले होते. निबंध वाचण्यासाठी तिथे सभासदत्व लागते आणि निबंध मुदतीत आधी पाठवावा लागतो. पैसे भरा आणि दोन दिवसांत छापून घ्या, अशा नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नका. यूजीसीने मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली. त्यामुळे संपादक मंडळात त्या विषयातले माणूस कोण आहे, हे आता आपणच पाहायचे.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत रुमालात बांधलेले मोडी कागद निघाले. काही एकमेकांना चिकटले आहेत. लॅमिनेशन करून विद्यापीठाच्या विभागात द्यावेत का? परत मिळतील का? (कोल्हापूर)

लॅमिनेशन अजिबात करू नका. उष्णतेने प्लास्टिक कागदाला कायमचे चिकटते आणि पुन्हा निघत नाही. चिकटपट्टीही नको, तिचा डिंक कागदात उतरून पिवळा डाग पडतो. चिकटलेली पाने ओढू नका आणि वाफेवर किंवा ओल्या फडक्यावर तर मुळीच धरू नका. जुनी काजळीची शाई पाण्याने पसरते. ती पाने तशीच वेगळी ठेवा, ते काम जतनतज्ज्ञाचे आहे. उन्हात वाळवणे आणि डांबरगोळ्या थेट कागदावर टाकणे, हेही टाळा.

कागदांचा क्रम बदलू नका. ज्या रुमालात जे कागद एकत्र आहेत ते कुणीतरी विचार करून एकत्र बांधले होते; तो क्रमही पुरावाच असतो. रुमाल आणि त्यावरची चिठ्ठी टाकू नका. प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने क्रमांक घाला. बॉलपेन वापरू नका. मग खिडकीजवळ सावलीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, शेजारी पट्टी ठेवून वरून सरळ फोटो घ्या. दोन्ही बाजूंचे घ्या. कोऱ्या दिसणाऱ्या मागच्या बाजूला बारनिशीची, म्हणजे कागद दप्तरात दाखल झाल्याची, नोंद असते आणि लांब कागद जिथे चिकटवून जोडला आहे तिथे शिक्का असतो. कागद अस्सल आहे की नाही, हे पुष्कळदा तिथेच ठरते.

विभागाकडे तीन प्रकारे जाता येते : कायमची देणगी, स्कॅन करून परत घेण्याच्या बोलीवर तात्पुरते देणे किंवा नुसते फोटो देणे. तिन्हींत लेखी करार हवा. पावतीवर रुमाल किती, कागद किती, प्रत्येकाचा क्रमांक आणि परत करण्याची तारीख असावी. ‘जुने कागद, एक पिशवी’ अशी पावती घेऊ नका. प्रकाशनाचा हक्क कुणाचा, तेही आताच लिहून घ्या. विभागात मोडी वाचणारे कुणी नसेल तर कोल्हापुरातच राज्य पुराभिलेखागाराचे कार्यालय आहे, तिथे विचारा. मोबदला देऊन वाचून घेणार असाल, तर आधी एकच कागद द्या आणि लिप्यंतर मूळ ओळींप्रमाणे मागा. न लागलेल्या शब्दाच्या जागी अंदाज न ठोकता टिंबे ठेवायला सांगा.

बहुधा त्यात कर्जरोखे, वाटणीपत्रे आणि जमाखर्च निघतील, राजाचे पत्र निघणार नाही. निराश होऊ नका. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी एका घरात जोंधळा काय भावाने आला, गड्याला वर्षाला काय मिळाले आणि लेकीच्या लग्नाला कुणाकडून किती काढले, हे सरकारी दप्तरात सहसा सापडत नाही. जमाखर्चाची वही असेल तर फोटो काढताना तिची शिवण उसवू नका. पाने जेवढी सहज उघडतील तेवढीच उघडा, आणि उरलेला मजकूर विभागात वही पाळण्यावर (अर्धवट उघडलेल्या वहीला आधार देणाऱ्या चौकटीवर) ठेवून वाचू द्या.